बाजरीच्या दाण्यात आपण काय मोजतो?

धान्याचा चांगला वाण कोणता, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले ‘ज्याचे पीक जास्त येते तो’ असे सांगतील. शेतकऱ्याच्या घरची मुले त्यात भर घालतील. ज्याचे सरमाड गुरे आवडीने खातात तो, ज्याची भाकरी गोड लागते तो, ज्याच्या केसाळ कणसावर पाखरांना सहज चोच मारता येत नाही तो. यातले प्रत्येक उत्तर बरोबर आहे. अडचण अशी की, नवा वाण तयार करणाऱ्या पैदासकाराला हजारो झाडांतून मोजकीच झाडे निवडायची असतात. निवड करायची तर काहीतरी मोजावे लागते. जे मोजले त्याचीच निवड होते. जे मोजले नाही ते टिकले तर योगायोगाने टिकते, नाहीतर नकळत हातचे जाते.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी आम्ही येथे बाजरीचे उदाहरण घेतले आहे. बाजरी आपल्या ओळखीची आहे, आणि गेल्या साठ वर्षांत तिच्याबाबतीत मोजण्याच्या गोष्टी एकामागून एक बदलत गेल्या. आधी दाण्याचा उतारा, मग रोगाला तोंड देण्याची ताकद आणि अलीकडे दाण्यातले लोह. हा सगळा प्रवास शाळेतल्या आनुवंशिकतेच्या धड्याशी आणि मुलांच्या डब्याशी, दोन्हींशी जोडलेला आहे.

कणसातला फुलोरा

बाजरी मूळची पश्चिम आफ्रिकेची. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, साहेल या कोरड्या पट्ट्यात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसाने ती लागवडीखाली आणली. तेथून ती भारतात आली आणि इथल्या हलक्या जमिनींत, कमी पावसात रुजली. आज जगात सर्वांत जास्त बाजरी भारतात पिकते. महाराष्ट्रात नाशिक, धुळे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), बीड, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत ती खरिपाचे महत्त्वाचे पीक आहे.

बाजरी निसवली की कणीस नीट पाहावे. पहिल्यांदा कणसावर पांढरट, पिसासारखे बारीक तंतू दिसू लागतात. ही फुलांची स्त्री-अंगे, म्हणजे कुक्षी. त्यानंतर दोन-चार दिवसांनी पिवळसर किंवा जांभळट परागकोश बाहेर लोंबू लागतात. म्हणजे एकाच फुलात स्त्रीकेसर आधी तयार होतो आणि पुंकेसर मागाहून. मधल्या काळात वाऱ्यावर दुसऱ्या झाडाचे पराग येतात आणि बरेचसे दाणे परपरागणाने धरतात. गहू आणि भात यांच्यात बहुतेक दाणे स्वपरागणाने धरतात. बाजरीचे तसे नाही. म्हणून जुन्या गावरान बाजरीच्या शेतात कोणतीही दोन झाडे तंतोतंत सारखी नसत. उंची, कणसाची लांबी, दाण्याचा रंग, पिकायला लागणारे दिवस, सगळ्यांत थोडाथोडा फरक असे.

दोन वेगवेगळ्या शुद्ध कुळांचा संकर केला की पहिल्या पिढीतली झाडे दोन्ही पालकांपेक्षा जोमदार निघतात. याला संकरज जोम म्हणतात. मक्यात त्याचा फायदा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच घेतला गेला होता. मक्याचा तुरा वर आणि कणीस खाली असते. तुरा खुडला की झाड फक्त मादी उरते. बाजरीत मात्र एकाच कणसात हजारो बारीक फुले आणि प्रत्येकात दोन्ही केसर जवळजवळ. चिमट्याने पुंकेसर काढायचे म्हटले तर एका एकराच्या बियाण्यासाठी गाव कामाला लावावे लागेल. सुरुवातीला दोन वाणांचे बी मिसळून पेरत आणि परपरागणावर भिस्त ठेवत. पण अशा बियाण्यात खरे संकरित बी सुमारे ४० टक्केच निघे.

पराग नसलेले झाड

यावर उपाय सापडला तो अमेरिकेत, आणि तोही चाऱ्याच्या बाजरीवर काम करताना. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथे ग्लेन बर्टन हे शास्त्रज्ञ गुरांच्या चाऱ्यासाठी बाजरीच्या जाती तयार करत होते. ज्यांच्यात जिवंत परागच तयार होत नाहीत, अशी झाडे त्यांना मिळाली. १९५८ साली त्यांनी याविषयी लिहिले. त्यातून तयार झालेल्या कुळाचे नाव ‘टिफ्ट २३ ए’.

परागहीनतेचे कारण समजून घेऊ. पेशीतली बहुतेक जनुके केंद्रकात असतात. काही थोडी जनुके केंद्रकाबाहेर, पेशीद्रव्यातल्या तंतुकणिकांमध्येही असतात. परागातून केंद्रक येते, पण तंतुकणिका जवळजवळ येत नाहीत. त्या बीजांडातून, म्हणजे आईकडूनच मिळतात. ‘टिफ्ट २३ ए’च्या तंतुकणिकांतल्या दोषामुळे परागाची वाढ खुंटते. स्त्रीकेसर मात्र धडधाकट असतो. अशा झाडाला नरवंध्य म्हणतात.

नरवंध्य झाडाला स्वतःचे बी धरता येत नाही, मग त्याची पुढची पिढी कशी वाढवायची? त्यासाठी तीन कुळे लागतात. पहिले ‘ए’ कूळ, म्हणजे नरवंध्य. दुसरे ‘बी’ कूळ. याचे केंद्रक ‘ए’सारखेच, पण पेशीद्रव्य निर्दोष, त्यामुळे पराग चांगले. ‘ए’वर ‘बी’चे पराग पडले की होणारे बी पुन्हा ‘ए’च असते, कारण पेशीद्रव्य आईचे आणि केंद्रक दोन्हीकडून सारखेच. तिसरे ‘आर’ कूळ. याच्या केंद्रकात असे जनुक असते की ते पेशीद्रव्यातल्या दोषावर मात करून पराग पुन्हा तयार होऊ देते. ‘ए’वर ‘आर’चे पराग पडले की होते ते संकरित बी. त्यातून उगवणाऱ्या झाडांना संकरज जोम असतो, आणि ‘आर’च्या जनुकामुळे परागही असतात, म्हणून शेतात दाणे भरतात.

बीजोत्पादनाच्या शेतात साधारणपणे मादीच्या चार ओळी आणि नराच्या दोन ओळी अशी पेरणी करतात. मादीच्या ओळींवर धरलेले दाणे तेवढे संकरित बियाणे म्हणून काढतात. वारा परागणाचे काम करतो, आणि एकही पुंकेसर खुडावा लागत नाही.

‘टिफ्ट २३ ए’ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आले. लुधियाना येथे डॉ. डी. एस. अठवाल यांनी त्याचा संकर करून ‘एचबी १’ हा वाण तयार केला. तो १९६५ साली लागवडीसाठी आला. चाचण्यांत त्याचा उतारा त्या वेळच्या साध्या वाणांच्या जवळजवळ दुप्पट होता. पाठोपाठ ‘एचबी २’ ते ‘एचबी ५’ हे वाण आले. १९५०च्या सुमारास देशात बाजरीचे सरासरी उत्पादन हेक्टरी ३०० किलोच्या आतबाहेर होते. अलीकडच्या वर्षांत ते १४०० किलोच्या आसपास असते. या वाढीत संकरित वाणांचा वाटा मोठा आहे. हे पीक बहुतांशी पावसावर येते हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

पुढच्या वर्षी तेच बी का चालत नाही?

संकरित बाजरीचे घरचे बी पेरले तर काय होते, हा प्रश्न शेतकरी पालक शिक्षकांना नेहमी विचारतात. ‘कंपनीने त्यात काहीतरी घातलेले असते’ असा समजही ऐकू येतो. वास्तविक येथे मेंडेलचाच नियम काम करतो.

संकरित झाडात प्रत्येक जनुकाच्या जोडीतला एक घटक ‘ए’ कडचा आणि एक ‘आर’ कडचा असतो. शेतातली सगळी झाडे अशी एकसारखी असतात. ही झाडे एकमेकांना फळली की पुढच्या पिढीत जोड्या फुटतात. वाटाण्याच्या धड्यात आपण पाहतो तसे काही झाडांत एकाकडचे दोन्ही घटक येतात, काहींत दुसऱ्याकडचे दोन्ही, आणि निम्म्यांत एकेक. हे प्रत्येक जोडीबाबत स्वतंत्रपणे घडते. त्यामुळे शेत उंचसखल दिसते, कणसे मागेपुढे पिकतात आणि जोम घटतो. शिवाय सर्वांचे पेशीद्रव्य आजीकडचे, म्हणजे ‘ए’चेच असते. पराग परत आणणारे जनुक एकच आहे असे धरले, तर चारांतल्या एका झाडात ते मुळीच येणार नाही आणि ते झाड नरवंध्य निघेल. शेजारच्या झाडांचे पराग मिळून त्यावर दाणे धरतील, पण पावसाने पराग धुऊन गेल्यास त्याला आधार कमी.

दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते त्याचे कारण हे आहे. त्याचा खर्च शेतकऱ्यावर पडतो, हेही तितकेच खरे. जास्त उतारा आणि दरवर्षीची खरेदी या दोन्ही गोष्टी एकाच नियमातून आलेल्या आहेत.

एकाच आईच्या लेकी

‘एचबी १’ ते ‘एचबी ५’ या पाचही वाणांचे नर पालक वेगवेगळे होते. मादी पालक मात्र एकच होते, ‘टिफ्ट २३ ए’. नावे पाच असली तरी देशभर लाखो हेक्टरांवर अर्धा वारसा एकसारखा पसरला. उतारा मोजला गेला होता आणि तो उत्तम होता. पण भारतातल्या एका रोगापुढे ही मादी किती टिकेल, याची पुरेशी पारख झालेली नव्हती.

हा रोग म्हणजे गोसावी किंवा केवडा. त्याचा कारक बुरशीसारखा सूक्ष्म जीव आहे. त्याचे नाव स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोला. रोपाची पाने पिवळी पडतात, दमट हवेत पानाच्या खालच्या बाजूला पांढरी भुकटी दिसते. निसवल्यावर कणसात दाण्यांऐवजी पानांसारखे हिरवे पुंजके येतात आणि कणीस गोसाव्याच्या जटांसारखे दिसते. रोगाचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत काही वर्षे तग धरतात. रोगट झाडे शेतात राहिली तर पुढच्या पेरणीला ते तयारच असतात.

१९७०–७१ साली देशात बाजरीचे सुमारे ८० लाख टन इतके भरघोस उत्पादन झाले. १९७१ च्या खरिपात ‘एचबी ३’ सारख्या वाणांवर गोसावी रोगाची मोठी साथ आली आणि उत्पादन एकदम खाली आले. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या घसरणीत रोगाचा वाटा किती आणि पावसाचा किती हे वेगळे काढणे अवघड आहे. पण रोगाने संकरित बाजरीवरचा विश्वास डळमळला, यात शंका नाही.

त्याच सुमारास, १९७० साली, अमेरिकेत मक्यावर करप्याची साथ आली होती आणि तिथल्या मक्याचे सुमारे १५ टक्के नुकसान झाले होते. तेथे दोष थेट नरवंध्य पेशीद्रव्याचा होता. ज्या तंतुकणिकांमुळे पराग होत नव्हते, त्याच रोगजंतूच्या विषाला बळी पडत होत्या. बाजरीतही तसेच असेल का? शास्त्रज्ञांनी एकच केंद्रक वेगवेगळ्या पेशीद्रव्यांत ठेवून तुलना केली तेव्हा उत्तर ‘नाही’ असे आले. बाजरीत नरवंध्यतेचा आणि गोसावी रोगाचा संबंध नव्हता. रोगाला बळी पडण्याचा गुण ‘टिफ्ट २३ ए’च्या केंद्रकातल्या जनुकांत होता. याचा अर्थ, तीन कुळांची पद्धत सोडायची गरज नव्हती. वेगळी, रोग सोसणारी मादी कुळे तयार करणे पुरेसे होते.

तशी कुळे तयार झाली. त्यांच्यापासून आलेला ‘बीजे १०४’ हा वाण १९७७ पासून लोकप्रिय झाला. पण एकच वाण मोठ्या क्षेत्रावर वर्षानुवर्षे राहिला की रोगजंतूंपैकी ज्यांना तो पचवता येतो त्यांचीच संख्या वाढते. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ‘बीजे १०४’ ही रोगाला बळी पडू लागला. यातून पैदासकार दोन गोष्टी शिकले. नव्या वाणाची चाचणी मुद्दाम रोगट केलेल्या जमिनीत घ्यायची आणि वाणांची संख्या नेहमी मोठी ठेवायची. पुढे जनुकांच्या खुणा ओळखण्याचे तंत्र हाती आले. हरियाणातला लवकर पिकणारा ‘एचएचबी ६७’ हा १९९० चा वाण रोगात सापडू लागला, तेव्हा त्याच्या पालकांत या खुणांच्या साह्याने प्रतिकाराची जनुके आणली गेली. त्यातून ‘एचएचबी ६७ सुधारित’ हा वाण २००५ साली आला. या तंत्राने तयार होऊन भारतात लागवडीला आलेल्या अगदी पहिल्या वाणांपैकी तो एक.

टोगोहून आलेले बी

नवी जनुके येतात कोठून? ती कोणी प्रयोगशाळेत घडवत नाही. शेतकऱ्यांनी शेकडो पिढ्या जपलेल्या देशोदेशीच्या स्थानिक वाणांतूनच ती शोधावी लागतात. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ पासून काम करते. तेथे आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या बाजरीच्या वाणांचा मोठा बीजसंग्रह आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो, घाना, बेनिन, बुर्किना फासो या देशांत ‘इनियादी’ नावाची गावरान बाजरी पिकते. ती लवकर पिकते, कणीस आखूड आणि जाड, दाणा टपोरा. टोगोहून आलेल्या अशा बाजरीतून निवड करून इक्रिसॅटने ‘आयसीटीपी ८२०३’ हा वाण तयार केला. १९८८ साली तो महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाला. हा संकरित वाण नाही, तो मुक्त परागणाचा सुधारित वाण आहे. शेतकऱ्यांना तो आवडला तो टपोऱ्या दाण्यामुळे, लवकर पिकत असल्यामुळे आणि गोसावी रोगाला दाद देत नसल्यामुळे. त्या काळी दाण्यातले लोह कोणी वाणाच्या गुणांत धरत नव्हते.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिकातच पोषक द्रव्ये वाढवण्याचे संशोधन जगभर जोरात सुरू झाले. त्यासाठी बाजरीच्या शेकडो कुळांतले लोह मोजले गेले, तेव्हा जास्त लोहाची कुळे बहुतेक करून इनियादीच्या वंशातली निघाली. ‘आयसीटीपी ८२०३’ हा त्यांतलाच एक. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत या वाणाची भाकरी वर्षानुवर्षे खाल्ली जात होती, आणि तिच्यात लोह जास्त आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. न मोजलेला एक चांगला गुण येथे सुदैवाने टिकून राहिला होता.

याच वाणातली आणखी जास्त लोहाची झाडे निवडून ‘धनशक्ती’ हा वाण तयार झाला. तो २०१२ साली महाराष्ट्रासाठी आणि २०१४ साली देशासाठी प्रसारित झाला. त्याच्या दाण्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे मूळ वाणापेक्षा सुमारे ९ टक्के जास्त. तोही मुक्त परागणाचा आहे. इतर बाजरीपासून पुरेसे दूर पेरले आणि शेताच्या मध्यभागातल्या बऱ्याच कणसांतून बी राखले, तर काही वर्षे घरचे बी वापरता येते.

लोह मोजताना घ्यायची काळजी

दाण्यातले लोह मोजणे वाटते तितके सरळ नाही. मातीत लोह भरपूर असते. खळ्यावर मळणी करताना दाण्याला चिकटलेली धूळ, लोखंडी यंत्राची झीज, सगळे दाण्याच्या हिशेबात येते. मग झाडाने दाण्यात भरलेले लोह कोणते आणि बाहेरून चिकटलेले कोणते? शास्त्रज्ञ त्याच नमुन्यात ॲल्युमिनियमही मोजतात. ॲल्युमिनियम मातीत मुबलक आणि दाण्यात नगण्य असते. नमुन्यात ते जास्त सापडले तर धूळ मिसळली आहे असे समजून तो नमुना बाद करतात. भेसळ ओळखण्याची ही युक्ती मुलांना सांगण्यासारखी आहे.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. दाण्यातले लोह शरीराला मिळते का? बाजरीच्या दाण्यात फायटिक आम्ल असते. ते लोहाला धरून ठेवते आणि आतड्यात बहुतेक लोह शोषले न जाता निघून जाते. भाकरीतल्या लोहापैकी शंभरात दहा भाग किंवा त्याहूनही कमी शरीरात शिरतात. मग जास्त लोहाच्या बाजरीचा उपयोग होईल की ते वाढीव लोहही असेच वाया जाईल?

याचे उत्तर मिळवण्यासाठी अहमदनगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांत एक अभ्यास झाला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात १२ ते १६ वर्षे वयाची २४६ मुले-मुली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी आणि दुसऱ्याला साध्या बाजरीची भाकरी, असे सहा महिने चालले. भाकरी दोन्ही गटांना मिळाली, फरक फक्त लोहात होता. त्यामुळे निकालात फरक दिसला तर तो लोहाचाच, असे म्हणता येत होते.

रक्तातले हिमोग्लोबिन आपल्या परिचयाचे असते. पण शरीरातला लोहाचा साठा संपत आल्यावरच ते खाली येते. साठा किती आहे हे फेरिटिन या प्रथिनावरून कळते. चार महिन्यांतच जास्त लोहाची भाकरी खाणाऱ्या गटाचे फेरिटिन सुधारलेले दिसले. सुरुवातीला ज्यांच्यात लोहाची कमतरता होती, त्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याचे प्रमाण या गटात दुसऱ्या गटाच्या १.६४ पट होते. यातल्या काही मुलांच्या लक्ष आणि स्मरण यांच्या चाचण्याही घेतल्या गेल्या. त्यांतही जास्त लोहाच्या गटाची प्रगती अधिक दिसली. वर्गात पेंगणारे किंवा लवकर थकणारे मूल आळशी आहे असे ठरवण्याआधी त्याच्या ताटाकडे एकदा पाहावे, हे आपल्यासाठी या अभ्यासाचे सांगणे आहे.

तरीही आकडेमोड करून पाहू या. दिवसाला २०० ग्रॅम पीठ धरले तर ‘धनशक्ती’तून सुमारे १४ मिलिग्रॅम लोह मिळते. किलोला ४२ मिलिग्रॅम लोह असलेल्या बाजरीतून ८.४ मिलिग्रॅम मिळते. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीसाठी भारतीय आहारशास्त्रज्ञांनी २०२० साली दिवसाला ३० मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. म्हणजे एकट्या भाकरीवर भागणार नाही. पालेभाजी, कडधान्य हवेच. भाकरीबरोबर लिंबू किंवा पेरू असेल तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास नेमके उलटे होते.

न दिसणाऱ्या गुणाला भाव कोण देणार?

लोह डोळ्यांना दिसत नाही आणि चवीलाही कळत नाही. बाजारात आडतदार दाण्याचा रंग आणि टपोरेपणा पाहतो, लोह विचारत नाही. शेतकऱ्याला त्याचे चार पैसे जास्त मिळत नाहीत. मग त्याने कमी उताऱ्याचा पण जास्त लोहाचा वाण का पेरावा? अशी अपेक्षा धरणेच चूक आहे. जास्त लोह हवे तर ते भरपूर उतारा आणि रोगप्रतिकार यांच्या जोडीनेच यायला हवे.

संकरित वाणात हे साधायला एक अडचण आहे. उताऱ्यात जसा संकरज जोम दिसतो तसा लोहात दिसत नाही. संकराचे लोह साधारणपणे दोन्ही पालकांच्या मधोमध येते. म्हणून नर आणि मादी दोन्ही कुळे जास्त लोहाची तयार करावी लागतात. हे काम वेळखाऊ आहे, पण झाले आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘एएचबी १२००’ हा २०१७ चा संकरित वाण त्याचे उदाहरण. पुढे २०१८ साली बाजरीच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाने नियम केला की नव्या वाणात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असले पाहिजे. आता उतारा कितीही असला तरी यापेक्षा कमी लोहाचा वाण पुढे जाऊ शकत नाही. आम्हाला हा नियम एखाद्या नव्या वाणाइतकाच मोलाचा वाटतो. त्यामुळे लोह ही कायम मोजली जाणारी गोष्ट झाली.

आणखी एक गुण स्वयंपाकघरातल्या बाईने कधीच ओळखलेला आहे, पण संशोधनाच्या यादीत तो उशिरा आला. बाजरीचे पीठ टिकत नाही. आठ-दहा दिवसांत ते कडवट होते, म्हणून थोडेथोडे दळण आणावे लागते. बाजरीत सुमारे ५ टक्के स्निग्धांश असतो, गव्हापेक्षा बराच जास्त. दळल्यावर लायपेज हे विकर आणि ही चरबी एकत्र येतात, चरबी फुटते आणि पुढे तिला वास येतो. गहू-तांदूळ सहज मिळू लागल्यावर बाजरी मागे पडण्याचे हेही एक कारण आहे. १९७० च्या सुमारास देशात बाजरीखाली सव्वाशे लाख हेक्टरांच्या आसपास क्षेत्र होते, आता ते ७० ते ७५ लाख हेक्टर उरले आहे. भारतीय अन्नघटकांच्या २०१७ च्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम बाजरीत ६.४ मिलिग्रॅम, गव्हात सुमारे ४ आणि सडलेल्या तांदळात ०.६५ मिलिग्रॅम लोह असते. ताटातली भाकरी जाऊन भात आला तर काय कमी झाले, हे या आकड्यांत दिसते. विकराची क्रिया मंद असलेली बाजरीची झाडे अलीकडच्या संशोधनात सापडली आहेत. त्यांच्यापासून टिकाऊ पिठाचे वाण तयार करण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

वर्गात करून पाहा

१. खरिपात शाळेच्या आवारात किंवा जवळच्या शेतात बाजरीच्या पाच कणसांना दोरा बांधून खूण करा. कुक्षी कोणत्या दिवशी दिसल्या आणि परागकोश कोणत्या दिवशी, याची नोंद मुलांनी ठेवावी. पाचही कणसांत अंतर सारखेच आहे का?

२. एका वाफ्यात संकरित बाजरीचे विकतचे बी आणि शेजारच्या वाफ्यात त्याच वाणाचे घरचे बी पेरा. प्रत्येकी तीस झाडांची उंची आणि कणसाची लांबी मोजून आलेख काढा. सरासरीइतकाच आलेखाचा पसाराही पाहा. मेंडेलचा धडा शिकवायला हा आलेख फार उपयोगी पडतो.

३. एकाच दिवशी दळलेले बाजरीचे आणि गव्हाचे पीठ दोन सारख्या डब्यांत झाकून ठेवा. रोज वास घ्या. कोणते आधी बदलते? त्याच बाजरीचा न दळलेला दाणा डब्यात ठेवला तर किती टिकतो?

४. मुलांना घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायला सांगा : पूर्वी कोणती बाजरी पेरत असत, तिचे नाव काय, आणि ती चांगली की वाईट हे कशावरून ठरवत? आलेली उत्तरे फळ्यावर लिहा. त्यातल्या कोणत्या गुणाची पारख प्रयोगशाळेत करता येईल आणि ती कशी करता येईल, याची चर्चा करा. पैदासकारांच्या यादीत अजून न आलेला एखादा गुण या फळ्यावर सापडण्याची शक्यता बरीच आहे.